तीन पाणी

मे महिन्यातल्या तिसऱ्या बुधवारी दुपारी सव्वातीन वाजता बाईंनी एथिक्स कमिटीपुढे ठेवलेली स्वतःची फाईल परत मागून घेतली. परळच्या आमच्या रुग्णालयात रुग्णावर काहीही नवं वापरायचं झालं तर या कमिटीची परवानगी लागे. फाईल कॅथेटरची होती, म्हणजे लघवीच्या नळीची. नळीवर कोळंबीच्या टरफलांपासून केलेला थर चढवला की तिच्यावर जंतू धरत नाहीत, असं फाईलमध्ये लिहिलेलं होतं. खोलीत नऊ जण होते. मी दारापाशी, भिंतीला लावलेल्या खुर्चीवर होते. परवानगी मिळाली असती तर पुढच्या सोमवारी आठ रुग्णांना ती नळी बसणार होती. बाईंच्या निवृत्तीला सहा आठवडे उरले होते.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेत कंत्राटी सहायक होते.

दारावरच्या पाटीवर त्यांचा हुद्दा इंग्रजीत होता, पण संचालकांपासून काचेची भांडी धुणाऱ्या मामांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. सुती साडी, वर ॲप्रन, पायात कॅनव्हासचे बूट, अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल. प्रयोगशाळेत चार स्टुलं होती. त्यांतल्या एकावरही त्यांना बसलेलं मी पाहिलं नाही. त्यांचे वडील गिरणीत रंगखात्यात होते आणि तिथे कामाच्या वेळात कोणी बसत नसे, एवढंच कारण त्यांनी एकदा दिलं होतं. राहायला त्या डिलाईल रोडला, वडिलांच्याच चाळीतल्या खोलीत. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ मालवणजवळच्या गावी. कामावर चालत येत आणि चालत जात.

प्लास्टिककडे त्या कापड म्हणून बघत. कापडाला तहान असते म्हणून रंग आत शिरतो, प्लास्टिकला तहान नसते, म्हणून त्याच्यावर काही टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे तहान लावणं. नळीचे तुकडे एका काचेच्या पेटीत ठेवायचे, पेटीतली हवा काढायची आणि मिनिटभर जांभळा उजेड सोडायचा. बाहेर आलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो मण्यासारखा घरंगळत नसे, पसरत असे. ‘प्याला’, असं त्या म्हणत. मग तो तुकडा टरफलांच्या पाकात बुडवायचा. टरफलं साफ करून, उकळून, त्यांची पांढरी भुकटी करून ती सौम्य आम्लात विरघळवलेली असे. हे आम्ल म्हणजे घरातलं व्हिनेगर ज्याने आंबट असतं तेच. तुकडा सुकवला की वर पातळ थर बसे. साध्या नळीवर जंतू येतात, चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत पापुद्रा धरतात. त्याच्या आत औषध पोचत नाही. बाई त्याला शेवाळ म्हणत. कोळंबीच्या थरावर हे शेवाळ धरू नये, हा बारा वर्षांचा प्रयत्न होता.

टरफलं त्या स्वतः आणत. दर गुरुवारी शीव कोळीवाड्यात जात. तिथली एक मावशी त्यांच्यासाठी टरफलं बाजूला काढून ठेवी. दोन पिशव्या आणि एक डबा घेऊन त्या बसने परत येत. त्या दिवशी बसमध्ये आपल्याभोवती चांगली ऐसपैस जागा होते, हे त्या अभिमानाने सांगत.

मी गिरगावची. वडील बँकेत, घरात अंडंही येत नसे. पहिल्याच गुरुवारी त्यांनी पिशवी माझ्यापुढे उघडली आणि वास घ्यायला सांगितलं. मी घाण वास येतो म्हणाले.

“घाण हा वास नाही गो,” बाई म्हणाल्या. “कसला येतो ते सांग.”

मला सांगता आलं नाही. त्यांनी सांगितलं. वरची टरफलं आजची, खालची कालची, आणि मावशीने पिशवीच्या तळाशी मांदेलीची डोकी घातली आहेत. पिशवी उपडी केल्यावर डोकी निघाली.

त्या सगळ्याचा वास घेत. नव्या बाटल्यांचा, जंतू वाढवायच्या खळीचा, पुरवठादाराने आणलेल्या नळ्यांच्या पाकिटांचा, एकदा तर बदलून आलेल्या हजेरीपटाचा. नळीचा तुकडा त्या डोळे मिटून नाकाशी धरत, दोनदा श्वास घेत आणि मग नोंदवहीत सही करत. नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना होता. त्याचं नाव ‘वास’. त्यात त्या ‘ठीक’ लिहीत किंवा ‘परत’ लिहीत. थरात आम्ल उरलं आहे की नाही हे बघायला लिटमस कागद पुरतो. ड्रॉवरमध्ये त्याची पाकिटं पडून होती. पण कागद एकदा ओला झाला की संपला, नाक परत परत चालतं, असं म्हणून त्यांनी ती कधी वापरू दिली नाहीत. संचालकांनी यावर एकदा लेखी विचारणा केली होती. बाईंनी त्या कागदाचाही वास घेतला आणि तो फाईलला लावला. हे मी मामांकडून ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही.

दुसरी सवय शब्दांची. नळीचा तुकडा जंतूंच्या बशीत ठेवायचा, दिवसभर उबेत ठेवायची बशी, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. सुरुवातीला मी वहीत ‘जंतू मेले’ असं लिहिलं. त्यांनी लाल पेन्सिलने ‘मेले’ खोडलं आणि वर ‘दिसले नाहीत’ लिहिलं. असं पाच-सहा वेळा झाल्यावर मी कारण विचारलं. मेलेला जंतू आपण बघितला का, असा त्यांचा प्रश्न होता. आपण बशी बघितली. बशीत दिसले नाहीत. पुढचं आपल्याला ठाऊक नाही. एका कंपनीचा माणूस संचालकांबरोबर आला होता आणि त्याने किती टक्के जंतू मरतात, असं विचारलं. बाई म्हणाल्या, मला विचाराल तर कधी दिसतात, कधी कमी दिसतात. तो माणूस परत आला नाही. संचालक आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत बाईंना ताप आला. तीन आठवडे त्या खोलीत एकट्या होत्या. परत आल्या तेव्हा ॲप्रन सैल होत होता, बाकी सगळं पहिल्यासारखं होतं. त्यानंतरच्या काळातल्या दोन गोष्टी माझ्या लक्षात आहेत. एक म्हणजे, तुकडा नाकाशी नेण्याआधी त्या आम्हाला विचारू लागल्या, “कसा वाटतो?” आम्ही सांगायचो, मग त्या वास घ्यायच्या. त्या आम्हाला तयार करताहेत, असं आम्ही धरून चाललो. दुसरी गोष्ट एका दुपारची. गरम तव्याच्या यंत्रावर एक प्लास्टिकचं झाकण राहून गेलं आणि वितळायला लागलं. बाई हातभर अंतरावर, पाठमोऱ्या उभ्या राहून लिहीत होत्या. वास कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला. मामा तिथून धावत आले, त्यांनी बटण बंद केलं, आणि तेव्हा कुठे बाईंनी मान वळवली.

मामा म्हणाले, “बाई, तुमच्या नाकाखाली जळत होतं.”

“मी नाकासमोर चालणारी बाई,” त्या म्हणाल्या. “खाली कशाला बघू?”

आम्ही हसलो. झाकणाचा काळा डाग यंत्रावर अजून आहे.

फाईल कमिटीपुढे गेली त्या वर्षी मार्चमध्ये बाई शिमग्याला गावी गेल्या. गणपती एक वेळ त्या चुकवत, शिमगा नाही. पालखी घरी यायची असे. गावात मोबाईलला रेंज नव्हती. आठ दिवस नळ्यांची नवी तुकडी मी एकटीने करायची होती. त्यांनी आपली जुनी वही माझ्या हातात दिली. कृती त्यांच्या अक्षरात, मराठीत होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: ‘सुकल्यावर तीन पाणी.’

मी तीन पाणी दिली. आमच्या घरी तांदूळ तीन पाण्यांनी धुतात. आईने मला तेच शिकवलं होतं, पाणी बदलायचं आणि पुन्हा धुवायचं. मी डिस्टिल्ड पाण्याची तीन भांडी भरली, प्रत्येक तुकडा प्रत्येक भांड्यात दोन मिनिटं ठेवला, आणि वहीत तसं लिहिलं. ‘तीन पाणी दिली.’

तोपर्यंतच्या बारा वर्षांत कधीही झालं नव्हतं ते त्या तुकडीत झालं. एकाही बशीत जंतू दिसले नाहीत. मी पुन्हा केलं. पुन्हा दिसले नाहीत.

बाई परत आल्या तेव्हा मी बशा ओळीने मांडून ठेवल्या होत्या. त्यांनी एकेक उचलून उजेडाकडे धरली. मग म्हणाल्या, “एवढं साफ?” त्यांनी नळीचा एक तुकडा चिमट्याने घेतला आणि मला विचारलं, कसा वाटतो. मी सांगितलं, नेहमीचाच, खास काही नाही. मी आठ दिवस आम्लाच्या बाटल्यांमध्ये काढले होते आणि मला तो वास यायचा थांबला होता. हे मला त्या वेळी कळलं नाही. बाईंनी डोळे मिटले, तुकडा नाकाशी धरला, दोनदा श्वास घेतला. रकान्यात त्यांनी ‘ठीक’ लिहिलं.

पुढचं बाईंच्या हातात राहिलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मूत्रविकार वॉर्डचे सर्जन रोज खाली यायला लागले. त्यांच्या वॉर्डात महिनोन् महिने नळी असलेले रुग्ण होते आणि नळीमुळे ताप येणं तिथे नेहमीचं होतं. डॉक्टर दारातूनच विचारत, “बाई, कधी देताय?” बाई सांगत की आणखी दोन तुकड्या होऊ द्या. संचालकांनी दोन तुकड्यांची वाट पाहिली नाही. बाई जूनअखेर निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी माणूस द्यायचा की प्रयोगशाळा बंद करायची, हे ठरायचं होतं. फाईल तयार झाली. अहवालावर बाईंच्या खाली माझं नाव होतं. माझं कंत्राटही जूनला संपत होतं.

डॉक्टरांनी पहिल्या आठ रुग्णांची यादी केली. तिच्यात अकरा नंबरच्या खाटेवरचे काका होते. माझगाव गोदीतून निवृत्त झालेले, मणक्याच्या दुखापतीने कमरेखाली लुळे पडलेले, गळ्यात तुळशीची माळ. संमतीपत्र घेऊन बाई स्वतः वर गेल्या, बरोबर मी. नळी कशापासून केली आहे हे बाईंनी सांगितलं तेव्हा काका विचारात पडले.

“मी माळकरी माणूस,” ते म्हणाले. “कोळंबी चालेल का हो मला? म्हणजे खायची नाहीये, पण जातेय तर आतच.”

“टरफलात जीव नसतो, काका,” बाई म्हणाल्या. “आणि आता बसवलीय ती प्लास्टिकची आहे. तिच्यात तरी कुठे तुळस आहे?”

काका हसले. त्यांनी विचारलं, हिने ताप थांबेल ना? बाई म्हणाल्या, आम्हाला जंतू दिसलेले नाहीत. काकांना ते उत्तर पुरेसं वाटलं. त्यांनी सही केली.

कमिटीची बैठक बुधवारी तीनला होती. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी कमिटीला दाखवायचे नमुने काढायला कपाट उघडलं. मार्चच्या तुकडीतले तुकडे सीलबंद पाकिटांत होते. मी पहिलं पाकीट कात्रीने कापलं आणि मला वास आला. आंबट, तिखट, नाकात चढणारा. व्हिनेगरची बाटली उघडल्यासारखा. मी दुसरं पाकीट कापलं. तोच वास.

त्याचा अर्थ मला लगेच कळला. थरात आम्ल होतं, ते दोन महिने टिकलं होतं, आणि बशीतले जंतू त्यानेच अडवले असण्याची शक्यता होती. मी ते पाकीट हातात घेऊन किती वेळ उभी होते, हे सांगता येणार नाही. मामा दोनदा येऊन गेले. मी पाकीट पुन्हा बंद करू शकले असते. तसा विचार माझ्या मनात आला होता.

बाई खिडकीपाशी उभ्या राहून उद्याच्या बैठकीचे मुद्दे लिहीत होत्या. मी पाकीट त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाले, बाई, वास घ्या.

त्यांनी डोळे मिटले. पाकीट नाकाशी नेलं. मला हातभर अंतरावरून डोळ्यांत पाणी येईल इतका वास येत होता. त्यांनी दोनदा श्वास घेतला आणि डोळे उघडले. चेहऱ्यावर काही नव्हतं.

“कसा वाटतो?” त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पाकिटाकडे. आणि पाकीट हळूच टेबलावर ठेवलं.

“कसला येतोय?” त्या म्हणाल्या. या वेळी आवाज खाली होता.

“आम्लाचा.”

“खूप?”

“हो.”

“तापानंतर गेला तो आला नाही गो परत,” बाई म्हणाल्या. “दोन वर्षं झाली.”

त्यानंतर त्यांनी कुठल्या पाण्यातून काढलंस, असं विचारलं. मी म्हणाले, डिस्टिल्ड. पहिलं, त्यांनी विचारलं. डिस्टिल्ड. दुसरं? तिन्ही डिस्टिल्ड, बाई. त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, परत खोचली. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांच्या रंगखात्यात तीन पाणी म्हणजे तीन वेगळी पाणी. पहिलं सोड्याचं, आम्ल मारायला. दुसरं साधं, सोडा काढायला. तिसरं शेवटचं, स्वच्छ. खात्यात नवीन लागलेल्या माणसालाही हे सांगावं लागत नसे. ‘तीन पाणी’ म्हटलं की तो तिन्ही हौदांकडे जाई. हे कोणाला माहीत नसेल, असं त्यांच्या कधी मनातच आलं नाही. वहीत त्यांनी ते फोड करून लिहिलं नव्हतं, कारण मार्चपर्यंत तिन्ही पाणी त्या स्वतः देत होत्या.

त्या मला रागावल्या नाहीत. मामांना त्यांनी ड्रॉवरमधून लिटमसचं पाकीट आणायला सांगितलं. मामा म्हणाले, “बाई, कागद? तुम्ही?” कोणी हसलं नाही. निळा कागद ओला करून तुकड्यावर ठेवला. तो लाल झाला.

दुपारी एक वाजता आम्ही त्याच तुकडीतल्या सहा तुकड्यांना तीन पाणी दिली. सोड्याचं, साधं, डिस्टिल्ड. कागदाचा रंग बदलायचा थांबेपर्यंत. आणखी सहा तुकडे होते तसेच ठेवले. सगळे जंतूंच्या बशांत घालून दोन वाजता बशा उबेत ठेवल्या. वाचायला चोवीस तास लागतात. कमिटी पंचवीस तासांवर होती.

त्या दुपारी डॉक्टर खाली आले. सोमवारसाठी आठ नळ्या वेगळ्या काढून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. अकरा नंबरला कालपासून पुन्हा ताप आहे, असंही सांगितलं. बाई म्हणाल्या, उद्या बोलू. डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, बैठक पुढे ढकलायला सांगू या का. पुढची बैठक जुलैत होती. बाई जुलैत नसणार होत्या. त्यांनी बशांवरची लेबलं पुन्हा एकदा तपासली.

बुधवारी दोन वाजून पाच मिनिटांनी बाईंनी उबेचं कपाट उघडलं. आधी त्यांनी न धुतलेल्या तुकड्यांच्या बशा काढल्या. सहाही स्वच्छ. मग धुतलेल्या. पहिली बशी त्यांनी उजेडाकडे धरली आणि माझ्याकडे दिली. तुकड्यावर आणि भोवती पिवळसर साय धरलेली होती. दुसरीतही. तिसरीतही. मी पुढच्या बघत असताना त्यांनी वही पुढे ओढली.

“दिसले,” त्या म्हणाल्या, आणि तसं लिहिलं.

जिना चढताना पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या. दम लागला होता, असं मला वाटलं.

“आत बोलायचं नाही,” त्या मला म्हणाल्या. “फाईल माझी आहे.”

कमिटीच्या खोलीत आमचा नंबर तीन वाजून दहा मिनिटांनी आला. बाईंनी उभं राहूनच सांगितलं की जंतू थराने अडवलेले नाहीत, आम्लाने अडवलेत, आणि त्यांना फाईल परत हवी आहे. संचालक म्हणाले, बाई, तुमचे सहा आठवडे राहिलेत, हे लक्षात आहे ना. त्या म्हणाल्या, आहे. डॉक्टरांनी सुचवलं की आम्लाने का होईना, जंतू अडतात तर निदान चार रुग्णांना नळी लावून बघू. माझ्या पेशंटला ताप आहे, त्याला मी काय सांगू?

“पहिले दोन दिवस पेशंटला झोंबेल,” बाई म्हणाल्या. “मग आम्ल वाहून जाईल आणि नळी साधी नळी होईल. त्या दोन दिवसांचे आकडे घेऊन तुम्ही कोळंबीला शाबासकी द्याल. तिसऱ्या दिवशी ताप आला की पेशंटचं काहीतरी चुकलं म्हणाल.”

कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, मग हा थर पास कसा झाला.

“मी वासावर पास केला,” बाई म्हणाल्या. “मला वास येत नाही.”

अध्यक्षांनी विचारलं, हे इतिवृत्तात घ्यायचं का. बाई म्हणाल्या, लिहा. तीन पाण्यांबद्दल त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. त्यांनी बोलू नको म्हणून सांगितलं होतं, हे खरं आहे. त्यांनी सांगितलं नसतं तर मी बोलले असते, असं मी लिहू शकत नाही. इतिवृत्त मी नंतर पाहिलं. त्यात एक ओळ आहे: ‘अर्जदाराच्या विनंतीवरून प्रस्ताव परत.’ वासाचा उल्लेख नाही.

खाली येऊन त्यांनी फाईल कपाटात ठेवली, तोंड धुतलं आणि लगेच पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मी मागून गेले. अकरा नंबरचे काका जागे होते, अंगावर ओलं फडकं. बाईंनी त्यांना सांगितलं की नळी येणार नाही, तिच्यात चूक निघाली आणि चूक आमची आहे. काकांनी विचारलं, जंतू दिसले नव्हते ना? बाई म्हणाल्या, आज दिसले.

काकांनी अंगावरचं फडकं सारखं केलं.

“राहू दे मग,” ते म्हणाले. “माळेला तरी धक्का लागला नाही.”

बाईंनी त्यांची उशी नीट केली. काका जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घरी गेले. पुढचं मला माहीत नाही.

बाई जूनअखेर निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्या उभ्या होत्या. संचालकांच्या भाषणात नळीचा विषय निघाला नाही. प्रयोगशाळा बंद झाली नाही. त्यांच्या जागी एक तरुण माणूस आला आणि टरफलांचं काम त्याने चालू ठेवलं. माझं कंत्राट वाढलं नाही. मी ऑगस्टमध्ये एका वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून लागले.

जाण्याआधी मी ती जुनी वही चाळली होती. ‘सुकल्यावर तीन पाणी’ ही ओळ लाल पेन्सिलने खोडलेली होती. तिच्या खाली तीन ओळी होत्या. कुठलं पाणी, किती वेळ, कागदाचा रंग. शेजारी बाईंची सही आणि तारीख. तारीख मंगळवारची होती. समासात त्यांनी लिहिलं होतं: ‘लिहिणारीची चूक.’ नोंदवहीतल्या ‘वास’च्या रकान्याला त्यांनी उभी रेघ मारून दोन भाग केले होते. वास घेणाऱ्या दोघांच्या सह्यांसाठी.

बाई अजून डिलाईल रोडला राहतात. दर गुरुवारी शीव कोळीवाड्यात जातात आणि टरफलांची पिशवी प्रयोगशाळेच्या दारात मामांकडे देऊन परत फिरतात. मामा आत बोलावतात. त्या आत जात नाहीत. निकाल विचारत नाहीत, असं मामा सांगतात.

हे लिहिण्याआधी, गेल्या सोमवारी, मी प्रयोगशाळेत फोन केला. नव्या तुकडीच्या बशा त्याच सकाळी उघडल्या होत्या. तुकड्यांना तिन्ही पाणी दिलेली होती आणि कागदाचा रंग बदलला नव्हता. वासाच्या रकान्यात दोन सह्या होत्या. बशा सहा होत्या. चार बशांत जंतू दिसले. दोन बशांत दिसले नाहीत.